परदेशाचा अ‍ॅडॉप्टर घ्यायला येताना वस्तूवरचं लेबल बघून या

"दुबईचा अ‍ॅडॉप्टर द्या." "अमेरिकेचा आहे का?" आमच्या काउंटरवर हे प्रश्न सारखे येतात. खेड, दापोली, मंडणगड या भागातून कोणी आखातात कामाला जातं, कोणी बोटीवर. मुलं इंग्लंड-जर्मनीला शिकायला जातात. लेकीकडे, मुलाकडे चार-सहा महिने राहायला जाणारे आईवडीलही आता पुष्कळ आहेत. अ‍ॅडॉप्टर काढून हातात देणं हे एका मिनिटाचं काम. तरी आम्ही लगेच देत नाही, आधी विचारतो, "त्याला लावणार काय?" घाईत असलेल्यांना हा प्रश्न उगाच वाटतो. तो आम्ही का विचारतो ते एकदा नीट सांगावं, म्हणून हे पत्रक.

अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. भिंतीतून 120 व्होल्ट येत असतील तर तुमच्या वस्तूला 120 व्होल्टच मिळणार, मग अ‍ॅडॉप्टर कितीही महागाचा असो. आमच्याकडे "बिघडला" म्हणून परत येणारे बहुतेक अ‍ॅडॉप्टर तपासले की चांगले निघतात. त्याला लावलेली वस्तूच त्या देशात चालणारी नसते. यात आमचा वेळ जातो हे एक, पण खरं नुकसान तुमचं होतं. सामानातलं वजन फुकट जातं आणि परक्या गावात वस्तू अडून बसते.

म्हणून येताना देशाचं नाव तर सांगाच, पण जे जे नेणार आहात त्याच्या लेबलचा फोटोही आणा. लेबल चार्जरच्या पोटावर, मिक्सरच्या तळाला किंवा इस्त्रीच्या मुठीखाली असतं. पांढऱ्या चार्जरवर फिक्या करड्या रंगात इतकं बारीक छापलेलं असतं, की चष्मा लावूनही दिसत नाही. मोबाइलवर फोटो काढून मोठा करा, लगेच वाचता येतं. त्यावर दोन ओळी असतात, एक इनपुटची आणि एक आउटपुटची. बघायची ती इनपुटची. पुष्कळ जण आउटपुटची ओळ वाचून येतात आणि काळजीनं विचारतात, "माझा चार्जर तर 5 व्होल्टचा आहे, तिकडे जळणार नाही ना?" ते 5 किंवा 9 व्होल्ट चार्जर मोबाइलला देतो, भिंतीतून घेत नाही.

इनपुटपुढे 100-240 व्होल्ट आणि 50/60 हर्ट्झ (म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) असं असेल तर ती वस्तू जगात कुठेही चालते, फक्त पिना जुळायला हव्यात. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर, कॅमेऱ्याचे चार्जर, झोपेत श्वासासाठी लावायची मशीन यांवर बहुधा हेच लिहिलेलं सापडतं. पण नुसतंच 230 किंवा 220-240 व्होल्ट, 50 हर्ट्झ असेल तर ती वस्तू आपल्यासारखा पुरवठा असलेल्या देशातच न्यायची. मिक्सर, इस्त्री, पाण्याची किटली, हेअर ड्रायर आणि वाफेचं औषध घ्यायचा घरगुती नेब्युलायझर या वस्तू बहुतेक वेळा या दुसऱ्या गटात निघतात. नेब्युलायझरकडे विशेष लक्ष द्या. तिकडे पोचल्यावर रात्री धाप लागली आणि मशीन चालेना, अशी वेळ कोणावर येऊ नये.

अमेरिका आणि मिक्सर

अमेरिका आणि कॅनडात 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ वीज असते, जपानमध्ये तर 100 व्होल्टच. आता लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई मिक्सर नेणारच. तिकडच्या यंत्रात ओल्या खोबऱ्याचं वाटप मनासारखं होत नाही, हे आम्हालाही पटतं. पण इथला 750 वॉटचा मिक्सर तिथे अ‍ॅडॉप्टर लावून चालू केला तर पातं फिरतं, आवाज येतो आणि खोबरं भरडच राहतं. जोर नसतो, भांडं भरलेलं असलं की मोटर अडखळते आणि तापते.

तापणाऱ्या वस्तूंचं याहून कठीण. निम्म्या व्होल्टेजवर निम्मी उष्णता मिळेल असं वाटतं, पण मिळते पाव. इथली 1000 वॉटची इस्त्री तिथे जेमतेम 270 वॉटची होते, कपड्याची सुरकुती जात नाही. 1500 वॉटच्या किटलीचे साधारण 400 वॉट होतात. पाणी कोमट व्हायलाच बराच वेळ लागतो.

व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण मिक्सरसारख्या मोटरला तो तिच्या वॉटच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचा घ्यावा लागतो आणि त्याचं वजन चांगलंच असतं. तेवढ्यात कोकम, तांदळाचं पीठ आणि मसाले बसतात. त्यापेक्षा मुळात 110 व्होल्टचाच मिक्सर घ्या. आपल्याच देशातल्या कंपन्या अमेरिकेतल्या भारतीय घरांसाठी तसे बनवतात. भांडी-पाती आपल्या सवयीची आणि प्लग तिथलाच, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर लागतच नाही. आम्ही तो मागवून देतो. यात आमची विक्री होते हे खरं आहे, पण इथला मिक्सर आणि वर अ‍ॅडॉप्टर असं दोन्ही विकणं आम्हाला त्याहून सोपं होतं, आणि ते आम्ही करत नाही.

मोबाइल-लॅपटॉपसाठी मात्र अमेरिकेचा साधा, चपट्या पिनांचा छोटा अ‍ॅडॉप्टर पुरतो. तो हलकाच घ्या. तिथली जुनी सॉकेटं सैल झालेली असतात आणि जड ठोकळा लावला की तो खाली झुकतो, कधी गळूनच पडतो.

आखात, इंग्लंड, सिंगापूर

दुबई-अबुधाबी, ओमान, कतार, बहरीन, कुवेत इथे 220 ते 240 व्होल्ट, 50 हर्ट्झ. म्हणजे व्होल्टेजची काळजी नाही, आपल्या वस्तू चालतात. प्रश्न फक्त पिनांचा. तिथे इंग्लंडसारखा, तीन चौकोनी पिनांचा प्लग असतो. सिंगापूर-मलेशियातही तोच. आपला गोल पिनांचा प्लगसुद्धा मुळात इंग्रजांचाच, 1934च्या त्यांच्या मानकातला. त्यांनी 1947 मध्ये चौकोनी पिनांचं, प्लगच्या आतच फ्यूज असलेलं नवं मानक आणलं. आपण जुन्यावरच राहिलो.

सौदीला जाणाऱ्यांनी थोडं थांबून विचारावं. प्लग तोच, पण वीज 60 हर्ट्झची, आणि जुन्या इमारतींत 127 व्होल्टची, चपट्या भोकांची सॉकेटंही आढळतात. खोलीत आधी राहणाऱ्या आपल्या माणसाकडून सॉकेटचा फोटो मागवा आणि आम्हाला दाखवा, म्हणजे अंदाजानं काही द्यायला नको.

या चौकोनी सॉकेटबद्दल एक कळकळीची सूचना. त्यात वरची अर्थची (अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी) पिन लांब असते. ती आत गेली की खालच्या दोन भोकांवरच्या झडपा उघडतात. लहान मुलांची बोटं, खिळे आत जाऊ नयेत म्हणून ती सोय आहे. पण खोलीवर नवीन आलेल्या मुलाला जुने लोक शिकवतात की वरच्या भोकात पेन किंवा चमच्याचा दांडा खुपसायचा आणि झडपा उघडल्या की आपला दोन पिनांचा चार्जर ढकलायचा. असं करू नका. गोल पिना त्या चौकोनी भोकात धड बसत नाहीत, सैल राहतात, ठिणग्या उडतात, सॉकेट आतून काळं पडतं. एका खोलीत सहा-सात माणसं झोपत असताना रात्रभर तसं चार्जिंग लावणं म्हणजे आगीला बोलावणं. अ‍ॅडॉप्टर चहा-नाश्त्याच्या खर्चात येतो. दोन न्या, एक खोलीवर आणि एक बॅगेत ठेवा.

शिकायला जाणाऱ्या मुलांना वाटतं चार अ‍ॅडॉप्टर घ्यावेत. इंग्लंडसाठी आम्ही वेगळं सुचवतो. आपल्याकडचा चांगल्या प्रतीचा एक एक्स्टेंशन बोर्ड घ्या. त्याच्या वायरीला आम्ही 13 अ‍ॅम्पिअरचा फ्यूजवाला प्लग जोडून देतो. लॅपटॉप, मोबाइल, टेबल लॅम्प सगळं आपापल्या प्लगसकट त्यात जातं. वसतिगृहात बाहेरचा बोर्ड चालतो का, तेवढं आधी विचारून घ्या. आणि लॅपटॉपचं म्हणाल तर अ‍ॅडॉप्टरही नको. त्याच्या चार्जरची भिंतीकडची वायर निघते. त्या देशाच्या प्लगची तेवढी वायर बदलली की काम झालं, अर्थही नीट मिळतो.

युरोप

व्होल्टेज आपल्यासारखंच, पण सॉकेट जर्मनीत भिंतीत खोलगट, गोल वाटीसारखं असतं. आपल्या मोबाइलच्या चार्जरच्या बारीक दोन पिना त्याच्या भोकांना जुळतात, मात्र चार्जर जाडजूड असेल तर तो कडेला अडतो आणि पिना आत पोचत नाहीत. लॅपटॉपचा आपला तीन पिनांचा प्लग तर जातच नाही. म्हणून तिथे गोल तोंडाचा, बाजूला अर्थच्या पट्ट्या असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो. फ्रान्ससाठीही चालेल असा एकच प्रकार आम्ही ठेवतो, दोन वेगळे घ्यायची गरज नाही. स्वित्झर्लंडच्या सॉकेटमध्ये मात्र हा जाड अ‍ॅडॉप्टर बसत नाही. तिथला वेगळा आहे, मागून घ्या.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या तिरप्या चपट्या पिनांचा अ‍ॅडॉप्टरही असतो. नेपाळला अ‍ॅडॉप्टर नेऊ नका, आपला प्लग तिथे चालतो.

"युनिव्हर्सल द्या, म्हणजे कटकट नको"

युनिव्हर्सल आम्ही ठेवतो आणि चार देश फिरणाऱ्या, फक्त मोबाइल-कॅमेरा चार्ज करणाऱ्या माणसाला तोच देतो. पण सरकणाऱ्या पिनांच्या बहुतेक युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टरांत अर्थ जोडलेला नसतो. तीन पिनांची, धातूच्या अंगाची वस्तू त्याला लावायची नाही. शिवाय त्यावरचा अ‍ॅम्पिअरचा आकडा बघा. 6 अ‍ॅम्पिअरचा अ‍ॅडॉप्टर 230 व्होल्टवर 1380 वॉटपर्यंत झेपवतो, तोच अमेरिकेत 120 व्होल्टवर 720 वॉटच. एकाच देशात जाऊन राहायचं असेल तर त्या देशाचा एकसंध, अर्थवाला अ‍ॅडॉप्टर घ्या. स्वस्तही पडतो आणि टिकतोही.

आमचा माल फूटपाथवरच्यापेक्षा थोडा महाग का, असं विचारतात. काउंटरवर आम्ही लोहचुंबक ठेवला आहे, पिनांना लावून बघा. पितळेच्या पिनेला तो चिकटत नाही. मुलामा दिलेल्या लोखंडी पिनेला चिकटतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत अशा पिनांना एका पावसाळ्यात गंज धरतो. मस्कत काय, दुबई काय, तीही समुद्रकाठचीच गावं. गंजलेली पिन तापते आणि प्लास्टिक वितळायला लागतं.

बोटीवर जाणाऱ्यांसाठी

केबिनमधलं सॉकेट जहाज कुठे बांधलं त्यावर ठरतं. कुठे 220 व्होल्ट आणि युरोपसारख्या गोल पिना, कुठे 110 आणि चपट्या. आधी त्या जहाजावर राहून आलेल्या सोबत्याला विचारा. पाणी तापवायची रॉड नेऊ नका. सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा भाग) असलेला एक्स्टेंशन बोर्डही नको, कारण जहाजावरच्या वायरिंगची रचना घरासारखी नसते आणि असा बोर्ड तिथे जळू शकतो. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा, खाली द्यायच्या सामानात नाही.

गणपतीला, मे महिन्यात परदेशातून घरी येणाऱ्यांनाही हे सांगा. अमेरिकेतलं केस सरळ करायचं यंत्र 120 व्होल्टचं असेल तर आपल्या सॉकेटमध्ये ते साडेतीन पटीहून जास्त तापतं आणि लगेच जळतं. लेबल तेव्हाही वाचायचं.

बदलून देण्याबद्दल

न वापरलेला, पाकिटातला अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या देशाचा हवा झाला तर बिल दाखवून बदलून मिळेल. वापरलेला परत घेत नाही. त्यात आत ठिणगी पडली होती का हे वरून दिसत नाही, आणि तोच आम्ही पुढच्या माणसाला परदेशात लावायला देऊ शकत नाही. वस्तू आणून दाखवलीत तर लेबल वाचून सांगायचे पैसे नाहीत, खरेदी केली नाही तरी चालेल. फक्त रात्री दुकान बंद होताना, गाडी दारात उभी करून येऊ नका. निघायच्या चार दिवस आधी या, म्हणजे प्लग जोडून, लावून, तपासून देता येतो. 110 व्होल्टचा मिक्सर मागवावा लागतो, त्यामुळे तो हवा असेल तर तिकीट काढलं की लगेच सांगा.