गरज फोन करणाऱ्याची होती

दारू सोडायची म्हणून मदतगटाच्या मीटिंगला पहिल्यांदा जाणारा माणूस बऱ्याचदा दाराबाहेरच घुटमळतो. आत नाव-गाव विचारतील का? पैसे किती? उभं करून बोलायला लावतील का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: आपलं दुखणं या अनोळखी लोकांनी का ऐकावं? या प्रश्नांची उत्तरं मीटिंगच्या रीतीभातीतच मिळतात. त्या रीती कुणी एका बैठकीत ठरवलेल्या नाहीत. ठेचा खात, एकेक करून त्या आल्या आहेत.

पहिली ठेच 1840 सालची. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, एका दारूच्या गुत्त्यावर नेहमी भेटणाऱ्या सहा जणांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि वॉशिंग्टनियन नावाची चळवळ उभी राहिली. तोवर दारूविरुद्धची भाषणं बहुतेक न पिणारेच करत. इथे पिऊन उद्ध्वस्त झालेला माणूस दुसऱ्या पिणाऱ्याला स्वतःची कहाणी सांगू लागला, आणि लोक लोंढ्यानं आले. पण लवकरच चळवळ दारूबंदीच्या राजकारणात आणि इतर वादांत ओढली गेली. ज्यांनी कधी थेंबही घेतला नव्हता असेही तिच्यात आले. दशक संपेपर्यंत ती जवळजवळ विरून गेली. आजच्या गटांमध्ये राजकारण, धर्मपंथ, दारूबंदीचा कायदा यांवर भूमिका घेतली जात नाही, त्याचं मोल या कहाणीवरून कळतं.

पुढचा धागा न्यूयॉर्कमधला. शेअर बाजारात वावरणारा बिल विल्सन डिसेंबर 1934 मध्ये पुन्हा एकदा रुग्णालयात दाखल झाला. तिथले डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ दारूच्या व्यसनाला चारित्र्याचा दोष मानत नसत. त्यांच्या मते तो आजार होता. बिलची दारू सुटली. मग तो झपाटल्यासारखा इतर पिणाऱ्यांच्या मागे लागला. कित्येक महिने खपूनही त्यातला एकही टिकला नाही. आपलं सगळं वाया गेलं असं त्याला वाटत होतं, तेव्हा त्याच्या बायकोनं, लोईसनं, दाखवून दिलं की एक जण टिकलाय, तू स्वतः! सिल्कवर्थनीही त्याला सांगितलं, उपदेश बंद कर आणि आधी आजाराबद्दल बोल.

मे 1935 मध्ये तो धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात होता. काम फसलं होतं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बारमधला गलका, दुसऱ्या बाजूला स्थानिक चर्चची यादी आणि फोन. त्यानं फोन उचलला. माणसामाणसांतून तो पोचला डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत. 12 मेच्या संध्याकाळी डॉक्टर फक्त पंधरा मिनिटं थांबायच्या बोलीवर आले आणि सहा तासांहून जास्त बसले. सुधारायला आलेले लोक त्यांनी भरपूर पाहिले होते. हा माणूस मात्र स्वतःच्या दारूबद्दल बोलत होता, आणि स्वतः पुन्हा पिऊ नये म्हणून त्याला डॉक्टरांशी बोलायचं होतं. मदतगटाचं सगळं बळ मला या एका उलटफेरात दिसतं.

त्यानंतरही डॉक्टर एकदा घसरले. एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पिऊन परतले. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस 10 जून 1935 असं मानतात. तोच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा, म्हणजे एएचा, स्थापनादिन मानला जातो. संस्थेच्या जन्मकथेतच घसरण आहे, ही गोष्ट पुन्हा प्यायल्याच्या शरमेनं मीटिंग सोडणाऱ्यांना आवर्जून सांगायला हवी.

1939 मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्यावरून संस्थेला नाव मिळालं. मार्च 1941 मध्ये एका खपाच्या साप्ताहिकात लेख छापून आला आणि वर्षभरात दोन हजारांचे आठ हजार सभासद झाले. पत्रांचा पाऊस पडला. वाढीबरोबर भीतीही आली. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, याचे नियम प्रत्येक गट करू लागला. ते सगळे एकत्र मांडले तेव्हा दिसलं की सगळे लागू केले तर कुणालाच आत येता येणार नाही! शेवटी एकच अट उरली: दारू सोडायची इच्छा. ही आणि गटांनी पाळायच्या इतर रीती, ज्यांना एएत ‘परंपरा’ म्हणतात, 1946 मध्ये छापल्या गेल्या, 1950 मध्ये स्वीकारल्या गेल्या. फी नाही, बाहेरची देणगी नाही, सभासद स्वेच्छेनं देतील त्यावर खर्च. धनाढ्य रॉकफेलर (धाकटे) यांनीही 1938 मध्ये थोडीशीच रक्कम दिली होती, कारण जास्त पैसा हे काम बिघडवेल असं त्यांना वाटलं.

दारूनं होरपळलेल्या कुटुंबीयांसाठी 1951 मध्ये अल-अ‍ॅनॉन सुरू झालं. एएच्या ‘पायऱ्यां’मधली, म्हणजे दारूतून बाहेर पडण्यासाठी सभासदानं एकेक करून गाठायच्या टप्प्यांमधली, ईश्वराची भाषा ज्यांना जवळची वाटत नाही, त्यांच्यासाठी पुढे वेगळे गट निघाले. 1994 मध्ये सुरू झालेला स्मार्ट रिकव्हरी त्यातलाच. गट उपयोगी पडतात का, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास तपासले गेले. सतत दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, एएशी जोडून देणारे ठरावीक आराखड्याचे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस दिसले.

एएचा तिसरा सभासद रुग्णालयाच्या खाटेवरच सापडला होता. दवाखाना आणि मीटिंग यांची सोबत तेव्हापासूनची. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरांना सांगावं.

गट शोधताना मीटिंग खुली आहे की बंद, एवढं विचारावं. खुल्या मीटिंगला घरचं माणूस, मित्र कुणीही येऊ शकतं. बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीत बसून नुसतं ऐकलं तरी चालतं. एक गट जमला नाही तर दुसरा बघावा. उठताना बहुधा कुणीतरी आपला नंबर लिहून देतो आणि प्यावंसं वाटलं की आधी फोन कर म्हणतो. अवेळी त्याला कशाला त्रास, असं वाटून तो कागद खिशातच ठेवू नये. तो फोन त्यालाही हवा असतो.