वाफेची कॉफी, दाबाची कॉफी

जळगाव-धुळ्याकडच्या लग्नात जेवणं उरकत आली की मांडवाच्या कडेला एक उभी, चकचकीत टाकी फुसफुसू लागते. खाली गॅसची शेगडी, वर दाब दाखवणारी तबकडी, बाजूला वाफेची नळी. थोड्या पाण्यात फेटलेली इन्स्टंट कॉफी आणि साखर, त्यावर दूध. नळी दुधात बुडवली की फेस वर चढतो, शेवटी कोको भुरभुरतात. पेय फक्कड लागतं, पण त्या टाकीतली वाफ कॉफी उतरवत नाही. ती फक्त दूध तापवते, आणि तापवताना दुधात पाणीही घालते: फ्रीजमधलं २०० मिली दूध ६५ अंशांपर्यंत न्यायला साधारण २० ग्रॅम वाफ त्यात विरते. घरासाठी मशीन घ्यायला गेलेल्या माणसापुढे दुकानदार पुष्कळदा याच वाफेचं छोटं भावंड ठेवतो, आणि खोक्यावर मात्र इटालियन एस्प्रेसोचा, म्हणजे दाबाने उतरवलेल्या दाट कॉफीचा, फोटो असतो.

इटलीतही सुरुवात वाफेनेच झाली. तुरिनच्या आंजेलो मोरिओंदोने १८८४ मध्ये वाफ आणि गरम पाणी वापरून एकदम भरपूर कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुइजी बेझ्झेराने १९०१ च्या पेटंटात प्रत्येक पेल्यासाठी वेगळी, मुठीची चाळणी आणली. आजचा पोर्टाफिल्टर तो हाच. देसिदेरिओ पाव्होनीने १९०५ पासून ती यंत्रं बनवून विकली. अडचण भौतिकशास्त्राची होती. बंद टाकीत वाफेचा दाब वाढवायचा तर पाणी जास्त तापवावं लागतं. बार हे दाबाचं माप, एक बार म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाइतका. वातावरणापेक्षा दीड बार जास्त दाब हवा असेल तर पाणी सुमारे १२७ अंशांवर जातं. म्हणजे दाब अपुरा आणि पाणी गरजेपेक्षा कितीतरी गरम. कॉफी झटपट मिळायची, पण करपट, कडू आणि बिनफेसाची.

ही गाठ सोडवली आकिल्ले गाज्जाने. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४७-४८ च्या सुमारास, त्याने दांडा ओढून स्प्रिंग दाबणारं आणि त्या स्प्रिंगच्या जोरावर पाणी भुकटीतून ढकलणारं यंत्र बाजारात आणलं. दाब आठ-नऊ बारपर्यंत गेला, तोही त्यासाठी पाणी आणखी न तापवता. पेल्यावर पहिल्यांदा सोनेरी तपकिरी साय दिसली, तीच क्रेमा. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने दांड्याचं काम विजेच्या पंपाकडे सोपवलं, आणि ९ बार हा आकडा रूढ झाला. मशीन पारखताना आजही एकच गोष्ट बघायची: दाब पंपातून येतो की वाफेतून?

घरात मात्र वाफ टिकून राहिली. बिआलेत्तीचा अ‍ॅल्युमिनियमचा मोका पॉट, म्हणजे शेगडीवर ठेवून वाफेच्या दाबाने पाणी कॉफीतून वर ढकलणारं भांडं, १९३३ चा. त्यात दाब जेमतेम एक-दोन बार. एस्प्रेसो होत नाही, पण दाट, दुधात टिकणारी कॉफी होते. वाफेशिवायच्याही वाटा निघाल्या. जर्मनीत मेलिटा बेन्ट्झने १९०८ मध्ये टीपकागदाची गाळणी वापरून कागदी फिल्टरची वाट काढली; १९५४ मध्ये तिथलंच विगोमाट हे विजेवरचं ठिबक यंत्र आलं. कॅप्सूलची, म्हणजे एका कपापुरत्या कॉफीच्या बंद डबीवर चालणारी, यंत्रं १९८६ पासूनची. त्यांत चुकायला जागा नाही, तशी सुधारायलाही नाही, आणि गावात कॅप्सूल मिळत नसेल तर मशीन शोभेची वस्तू होते.

मग आपल्याकडे इन्स्टंटच का रुजली? देशातली कॉफी मुख्यतः पिकते कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या डोंगरांत. १९४२ च्या कायद्यानंतर मळेवाल्यांनी माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करायचा आणि विक्री बोर्डाने करायची, अशी रीत होती. ही सक्ती १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने उठली. तोवर अमुक मळ्याची, अमुक तारखेला भाजलेली कॉफी घरपोच मिळण्याचा प्रश्नच नव्हता. खानदेश चहाचा मुलूख. कॉफी म्हणजे पाहुणे आले की दुधात उकळून, वर जायफळ किसून. त्या कामाला इन्स्टंटची बाटली पुरेशी होती. आता ताज्या बिया कुरियरने जळगावातही येतात. पुड्यावर भाजल्याची तारीख नसेल तर ती कॉफी घेऊ नये. फिल्टर कॉफीच्या पाकिटावर चिकरीचं, म्हणजे कॉफीत मिसळलेल्या भाजक्या मुळाच्या भुकटीचं, प्रमाण छापलेलं असतं, आणि ते ४९ टक्क्यांपर्यंत असू शकतं. पितळी फिल्टरमध्ये चिकरी दाटपणा देते. एस्प्रेसो मशीनमध्ये मात्र ती विरघळून चिकट गाळ करते आणि जाळी तुंबवते. तिथे शंभर टक्के कॉफीच हवी.

आता निवड. ३.५ किंवा ५ बार लिहिलेली, टाकीला फिरकीचं झाकण असलेली स्वस्त मशीन वाफेची असते. ती घेण्यापेक्षा मोका पॉट घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत. चव त्याच जातीची, खर्च बराच कमी. मोकात गरम पाणी झडपेच्या खालपर्यंत भरा, तीन कपी भांड्याला सुमारे १५ ग्रॅम कॉफी घाला आणि ती दाबू नका, लहान बर्नर मंद ठेवा. खळखळ सुरू झाली की लगेच उतरवा. शेवटची ती खळखळच कडूपणा आणते. शेगडीच्या दांड्यांवर छोटं भांडं डगमगत असेल तर लोखंडी जाळी ठेवावी. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर तापत नाही.

पंपाच्या मशीनवर '१५ बार' किंवा '२० बार' लिहिलेलं असतं. ती पंपाची कमाल ताकद. कॉफीला लागतात नऊच. त्यापेक्षा चाळणी बघा. तळाशी एकच बारीक भोक असलेली दुपदरी चाळणी कशाही भुकटीतून फेस काढते, पण तो फेस भोकातून जोरात उडाल्याचा असतो. साधी एकपदरी चाळणी मिळत असेल तर ती घ्या, आणि पैशाचा मोठा वाटा ग्राइंडरला द्या. मिक्सरमध्ये काही पीठ होतं, काही भरड राहते. पीठ कडू उतरतं, भरड आंबट, दोन्ही एकाच पेल्यात. दात्यांचा ग्राइंडर, हाताने फिरवायचा का होईना, हवाच.

सुरुवातीचं माप असं: १८ ग्रॅम कॉफी, पेल्यात उतरलेली कॉफी ३६ ग्रॅम, २५ ते ३० सेकंदांत, पाणी ९० ते ९६ अंश. पंधरा सेकंदांत धार संपली आणि चव आंबट आली तर दळण बारीक करा. पंचेचाळीस सेकंद थेंब-थेंब येऊन कडू झाली तर भरड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय सुधारलं ते कळत नाही. एकाच बॉयलरच्या मशीनमध्ये वाफेसाठी पाणी १२० अंशांच्या पुढे जातं. म्हणून आधी कॉफी, मग दूध. दुसऱ्या कपाआधी थोडं पाणी सोडून बॉयलर थंड करावा, नाहीतर बेझ्झेराच्या काळातला करपटपणा परत येतो.

म्हशीच्या दुधाचा फेस दाट होतो, पण स्निग्धांशामुळे कॉफीची धार बोथट होते. कॉफी थोडी वाढवावी. तापवलेलं दूध साय काढून, गाळून, फ्रीजमध्ये गार करूनच वापरा. सायीचा तुकडा वाफेच्या नळीचं भोक बंद करतो. फेसून झाल्यावर नळी ओल्या फडक्याने पुसून लगेच एकदा वाफ सोडावी.

विजेचंही गणित आहे. ही मशीन १,००० ते १,५०० वॉटची असते. मोठ्या पिनेच्या सॉकेटवरच लावावी. व्होल्टेज २३० वरून १९० वर उतरलं की हीटरची ताकद जवळपास दोन-तृतीयांश उरते. मशीन तापल्याचा दिवा लागला तरी आणखी पाच-दहा मिनिटं थांबा, पोर्टाफिल्टर जागेवरच ठेवून.

बिया उन्हाळ्यात लवकर शिळ्या होतात. भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ओट्यावरच्या काचेच्या बरणीत त्या ठेवू नयेत. हवाबंद डब्यात, अंधाऱ्या फडताळात, पंधरवड्यापुरत्याच.

सगळ्यात जास्त मशीन बिघडतात त्या पाण्याने. बोअरचं जड पाणी तापलं की क्षार बॉयलरच्या आणि बारीक नळ्यांच्या आत बसतात. धार बारीक होते, पंप ओरडतो, शेवटी झडप अडकते. उपाय म्हणून नुसतं आरओचं पाणी घातलं तर कॉफी फिकी आणि आंबट लागते, आणि काही मशीनचे सेन्सर इतक्या शुद्ध पाण्याला टाकी रिकामी समजतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ७५ ते १५० च्या मध्ये येईल इतकं नळाचं पाणी आरओत मिसळावं. स्वस्त मीटरवर ते मोजता येतं. महिन्या-दोन महिन्यांनी लिटरभर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून अर्धं मशीनमधून सोडा, वीस मिनिटं थांबा, उरलेलं सोडा, मग दोन टाक्या साधं पाणी. अ‍ॅल्युमिनियमच्या मोकात मात्र हे द्रावण मुरवत ठेवू नये, धातू खातं.