डिबेटनंतरचा गाजावाजा आणि मतदारांचा कौल

३० जुलै २०१९ च्या रात्री डेट्रॉइटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या इच्छुकांची प्रायमरी डिबेट चालू होती. (प्रायमरी म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारं राज्याराज्यांतलं मतदान.) त्या वेळी अमेरिकेच्या ५० पैकी ४९ राज्यांत गुगलवर सर्वाधिक शोधलं जाणारं उमेदवाराचं नाव होतं लेखिका मॅरिअन विल्यमसन. अपवाद एकट्या मोंटानाचा. तिथल्या लोकांनी आपल्या गव्हर्नरला, स्टीव्ह बुलक यांना, शोधलं. बर्नी सँडर्स आणि एलिझाबेथ वॉरन हे आघाडीचे इच्छुक त्याच मंचावर होते. जनमत चाचण्यांत मात्र विल्यमसन एक टक्क्याच्या आसपास रेंगाळत राहिल्या आणि १० जानेवारी २०२० ला, आयोवात पहिलं मत पडायच्या आधीच, शर्यतीतून बाहेर पडल्या.

गुगलचा आकडाही खरा होता आणि चाचण्यांचाही. पहिल्याने सांगितलं की ‘या बाई कोण?’ हा प्रश्न लाखो घरांत पडला. दुसऱ्याने सांगितलं की उत्तर मिळाल्यावरही बहुतेकांचं मत होतं तिथेच राहिलं. डिबेटच्या दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत हे दोन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि ‘सोशल मीडियावर अमुक जिंकले’ या मथळ्याचा ‘लोकांना अमुक पटले’ असा अर्थ घेतला जातो. पक्ष आपला उमेदवार ठरवत असताना ही गल्लत महागात पडते. देणगीदार, वार्ताहर आणि प्रचाराची माणसं त्या मथळ्यांकडे बघूनच पुढचं पाऊल टाकतात.

मुळात मोजायचं एककच वेगळं. सोशल मीडियावर कृती मोजली जाते: पोस्ट, शेअर, हॅशटॅग, व्ह्यू. एका माणसाने चाळीस पोस्ट टाकल्या तर त्या चाळीस धरल्या जातात. जनमत चाचणीत माणूस मोजला जातो. तो कितीही तावातावाने बोलला तरी एकच, आणि त्याला चाचणी घेणाऱ्यांनी निवडलेलं असतं. तो आपणहून आलेला नसतो. प्यू रिसर्च सेंटर या संशोधनसंस्थेने २०१९ मध्ये दाखवून दिलं होतं की अमेरिकेतले जेमतेम २२ टक्के प्रौढ ट्विटर वापरत होते आणि त्यांच्यातल्या सर्वाधिक सक्रिय १० टक्के लोकांकडून ८० टक्के ट्वीट्स येत होते. हे वापरकर्ते सरासरी अमेरिकनापेक्षा तरुण होते आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडे जास्त झुकलेले होते. नमुना कललेला असला की तो मोठा करून उपयोग होत नाही, हा धडा अमेरिकेला १९३६ मध्येच मिळाला होता. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त मतपत्रिका गोळा करून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं जाहीर केलं आणि निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली.

प्रायमरीत आणखी एक गुंता आहे. अमेरिकेतली उमेदवारनिवड एका दिवशी, देशभर एकदम होत नाही. ती राज्याराज्यांतून महिनोन्‌महिने चालते, आणि फ्लोरिडा, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत पक्षाकडे नोंदणी केलेल्या मतदारालाच मत देता येतं. पोस्ट मात्र कुणीही टाकावी. विवेक रामस्वामी (२०२४ च्या शर्यतीतले रिपब्लिकन इच्छुक) किंवा कमला हॅरिस बोलत असताना पुण्यात बसून टाकलेली पोस्ट आणि आयोवातल्या नोंदणीकृत रिपब्लिकनाची पोस्ट हॅशटॅगच्या मोजणीत सारखीच. न्यू जर्सीत मराठी वस्ती मोठी आहे. तिथल्या मतदाराला मताचा हक्क असला तरी २०२४ मध्ये त्याच्या प्रायमरीची तारीख होती ४ जून, आणि रामस्वामी जानेवारीतच बाहेर पडले होते. त्याने डिबेटच्या रात्री कितीही जीव तोडून लिहिलं तरी त्या मताला मतपेटीपर्यंत पोचायची वाटच उरली नव्हती.

रामस्वामींचं उदाहरण जरा जवळून बघू. २३ ऑगस्ट २०२३, मिलवॉकी, रिपब्लिकन पक्षाची पहिली डिबेट. रामस्वामी मध्यभागी उभे, बाकीचे सगळे त्यांच्यावर तुटून पडलेले, आणि रात्रभर चर्चा त्यांचीच. गुगलवरही त्यांचंच नाव सर्वांत पुढे. त्याच डिबेटवर वॉशिंग्टन पोस्ट, निवडणुकांचं विश्लेषण करणारं संकेतस्थळ फाइव्हथर्टीएट आणि चाचण्या घेणारी संस्था इप्सॉस यांनी जी पाहणी केली, तिची रीत मला फार मोलाची वाटते. त्यांनी त्याच त्या रिपब्लिकन मतदारांना डिबेटआधीही विचारलं आणि नंतरही. सर्वांत चांगलं कोण बोललं, यावर २९ टक्क्यांनी रॉन डिसँटिस यांचं नाव घेतलं, २६ टक्क्यांनी रामस्वामींचं आणि १५ टक्क्यांनी निकी हेली यांचं. म्हणजे रामस्वामींची छाप पडली होती, यात शंका नाही. पण ऑनलाइन जी एकहाती बाजी वाटत होती ती मतदारांच्या पाहणीत चुरशीची लढत निघाली. १५ जानेवारी २०२४ ला आयोवात ट्रम्प यांना ५१ टक्के मिळाले, रामस्वामींना सुमारे आठ. त्याच रात्री त्यांनी माघार घेतली.

ट्रम्प तर मिलवॉकीला गेलेच नव्हते. त्याच वेळेला त्यांची टीव्ही निवेदक टकर कार्लसन यांच्याबरोबरची मुलाखत एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) सोडली गेली आणि दिवसभरात त्या पोस्टखालचा व्ह्यूंचा आकडा वीस कोटींच्या पुढे गेला. डिबेट टीव्हीवर पाहिली सुमारे १ कोटी २८ लाख लोकांनी. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘ट्रम्पनी डिबेट झाकोळून टाकली’ असं लिहिलं गेलं. पण एक्सवर पोस्ट स्क्रीनवर दिसली की तो व्ह्यू धरतात. टीव्हीचा आकडा म्हणजे कोणत्याही सरासरी मिनिटाला किती माणसं बघत होती याचा अंदाज. यांची तुलनाच होऊ शकत नाही.

संकेतस्थळांवरच्या ‘कोण जिंकलं? क्लिक करा’ या पोलांबद्दल एवढंच: नाव पोल असलं तरी तो गाजावाजाच, कारण तिथे माणूस आपणहून येतो.

पोस्टमधला सूर ओळखणारी सॉफ्टवेअरं मदतीला आली तरी प्रश्न सुटत नाही. ‘वा, काय उत्तर दिलंय!’ हे कौतुक की टोमणा, हे मशीनला नेहमी कळतंच असं नाही. शिवाय ज्याला राग आलाय तो लिहितो. ज्याला बरं वाटलं तो टीव्ही बंद करून झोपतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये ओबामा आणि रॉम्नी यांच्या पहिल्या डिबेटनंतर (ही प्रायमरीची नव्हती, पण मुद्दा तोच) चाचण्यांत बहुसंख्य प्रेक्षकांनी रॉम्नी सरस ठरल्याचं सांगितलं. ट्विटरवर मात्र रॉम्नींबद्दलचा सूर बराच जास्त टीकेचा होता.

मग सोशल मीडियाकडे बघूच नये का? जरूर बघावं. लोकांच्या मनात नेमका कोणता क्षण रुतला, हे चाचणीच्या आधी तिथेच कळतं. ६ फेब्रुवारी २०१६ ला न्यू हॅम्पशायरच्या डिबेटमध्ये रिपब्लिकन इच्छुक मार्को रुबिओ यांनी ओबामांबद्दलचं तेच पाठ केलेलं वाक्य पुन्हापुन्हा म्हटलं. प्रतिस्पर्धी ख्रिस ख्रिस्ती यांनी ‘हेच ते पाठ केलेलं भाषण’ असं तोंडावर सांगितलं, तरी रुबिओंची गाडी पुन्हा त्याच वाक्यावर. मिनिटांत त्यांना रोबो बनवणारी चित्रं फिरू लागली. आयोवात नुकतेच तिसरे आलेले रुबिओ तीन दिवसांनी न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत पाचवे आले आणि आपण डिबेटमध्ये कमी पडलो हे त्यांनी स्वतः कबूल केलं. गाजावाजाने जखम अचूक दाखवली होती. फायदा कुणाचा होणार, हे मात्र त्याला दाखवता आलं नाही: घाव घालणारे ख्रिस्ती सहावे आले आणि शर्यतीतून गेले.

कधी दोन्ही आकडे एकाच दिशेला जातात, तरी ते टिकतातच असं नाही. जून २०१९ मध्ये मायामीतल्या डिबेटमध्ये कमला हॅरिस यांनी बायडन यांना शाळेच्या बसच्या (म्हणजे शाळांमधला वंशभेद मोडण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत पाठवण्याच्या) प्रश्नावरून घेरलं, ‘ती लहान मुलगी मी होते’ म्हणाल्या, आणि त्यांच्या प्रचारपथकाने लगेच त्यांचा बालपणीचा फोटो पोस्ट केला. काही दिवसांत क्विनिपिॲक विद्यापीठाच्या चाचणीत बायडन २२ टक्के, हॅरिस २०. इथे चर्चा आणि कौल हातात हात घालून चालले. डिसेंबरच्या ३ तारखेला हॅरिस बाहेर होत्या. म्हणून डिबेटनंतरची पहिली चाचणी हाती आली तरी मी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या चाचण्यांची वाट बघावी असं म्हणेन.

आणि कॅलेंडर तपासावं. १९ फेब्रुवारी २०२० ला लास वेगासमध्ये वॉरन यांनी अब्जाधीश प्रतिस्पर्धी मायकल ब्लूमबर्ग यांची अशी काही झाडाझडती घेतली की देणग्यांचा ओघ लागला आणि चर्चा दुसऱ्या कशाचीच नव्हती. नेवाडाच्या कॉकसमधलं (प्रायमरीऐवजी सभा भरवून होणारी उमेदवारनिवड) आगाऊ मतदान आदल्याच दिवशी, १८ तारखेला, संपलं होतं. भाग घेतलेल्या सुमारे १ लाख ५ हजार मतदारांपैकी जवळपास ७५ हजार जणांनी ती डिबेट बघायच्या आधीच आपली पसंती लिहून दिली होती. वॉरन तिथे चौथ्या आल्या.