खंडावर जगलेला बँक्स, मुद्दल मोडलेला हम्बोल्ट

गर्भश्रीमंत घरात जन्म, लहानपणापासून झाडापाल्याचं वेड, पदरच्या पैशाने केलेला काही वर्षांचा जगप्रवास, परतताना पेट्यांत भरून आणलेले हजारो वाळवलेले नमुने, आणि मग उरलेलं आयुष्य इतर शास्त्रज्ञांना हात देण्यात. ही ओळख इंग्लंडच्या जोसेफ बँक्सची. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या अलेक्झांडर फॉन हम्बोल्टचीही शब्दशः हीच. त्यामुळे दोघांची गल्लत होते, एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं. खरं तर दोघं एकमेकांपासून फार लांबची माणसं आहेत.

आणखी एक गल्लत आधीच दूर केलेली बरी. हम्बोल्ट दोन होते. गीतेवर व्याख्यानं देणारा आणि बर्लिन विद्यापीठाच्या स्थापनेमागे असलेला विल्हेल्म हा थोरला भाऊ, भाषांचा अभ्यासक. डोंगर चढणारा आणि वनस्पती गोळा करणारा तो धाकटा अलेक्झांडर. इथे बोलायचं आहे ते धाकट्याबद्दल.

बँक्स आणि हम्बोल्ट यांना वेगळं ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण, माझ्या मते, त्यांच्या पैशात आहे. तो किती होता यापेक्षा कोणत्या जातीचा होता, यात.

बँक्सचा जन्म १७४३ चा. वडील १७६१ मध्ये वारले आणि १७६४ मध्ये, एकविसाव्या वर्षी, लिंकनशरमधल्या रेव्हस्बीची जमीनजुमल्याची मालकी त्याच्या हाती आली. कुळांकडून वर्षाला सुमारे ६,००० पौंड खंड येत असे. एका वर्षी उधळपट्टी झाली तरी जमीन जागेवरच राहायची आणि पुढच्या वर्षी खंड पुन्हा यायचा. हम्बोल्टचा जन्म १७६९ चा. तो प्रशियाच्या खाण खात्यात नोकरी करत होता आणि कामसूपणाबद्दल नावाजलाही होता. स्टेबेन गावी खाणकामगारांसाठी त्याने शाळा काढली आणि तिचा सुरुवातीचा खर्च स्वतः सोसला, तोही वारसा हाती येण्याआधी. १७९६ च्या नोव्हेंबरात आई गेली. वाट्याला नव्वद हजारांच्या आसपास थालर (तिथलं तेव्हाचं चांदीचं नाणं) आले, तशी त्याने नोकरी सोडली. त्याच्या मागे दरवर्षी खंड देणारी कुळं नव्हती. खर्च होईल तेवढी रक्कम कायमची कमी होणार होती.

पुढचं बरंचसं या एका फरकातून उलगडतं.

बँक्सची विद्यार्थिदशेतली एक गोष्ट त्याचा स्वभाव नेमका सांगते. ऑक्सफर्डचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शिकवतच नव्हते. बँक्सने तक्रार करण्याऐवजी केंब्रिजहून इस्रायल लायन्स हा शिक्षक पदरचे पैसे देऊन आणवला. पुढे आयुष्यभर त्याने हेच केलं: जे काम व्हायला हवं ते करणारा माणूस शोधायचा आणि त्याला कामाला लावायचं.

१७६८ मध्ये कॅप्टन कुकचं ‘एंडेव्हर’ जहाज शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र, पाहण्यासाठी ताहितीला निघालं, तेव्हा बँक्स आपल्या खर्चाने त्यावर चढला. सोबत आठ माणसं: वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या स्वीडनच्या लिनियसचा शिष्य सोलांडर, चित्रकार, कारकून, नोकर. खर्चाचा दहा हजार पौंडांचा आकडा तेव्हा लोकांच्या तोंडी होता. जहाज मात्र नौदलाचं आणि हेतूही सरकारी. १७७१ मध्ये ते परतलं तेव्हा सुमारे ३०,००० वनस्पती-नमुने आले, त्यांतल्या १,४०० च्या आसपास जाती विज्ञानाला नव्या होत्या. पण बँक्सच्या नऊ जणांच्या चमूतले चारच जिवंत परतले होते. थॉमस रिचमंड आणि जॉर्ज डॉर्ल्टन हे त्याचे दोन कृष्णवर्णीय नोकर दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी टिएरा देल फुएगोच्या थंडीत एका रात्रीत गोठून मेले. ज्याच्या चित्रांमुळे ही सफर आज डोळ्यांसमोर उभी राहते तो सिडनी पार्किन्सन परतीच्या वाटेवर आजाराने गेला. बँक्सच्या कीर्तीचा हिशेब मांडताना ही नावं त्यात लिहायलाच हवीत.

हम्बोल्टची सफर १७९९ ते १८०४ ची. सोबत एमे बाँप्लां हा वनस्पतिज्ञ, हाती स्पेनच्या राजाचा परवाना आणि मापनाच्या उपकरणांच्या पेट्या. सरकारी पैसा शून्य. ओरिनोको नदी, अँडीज, मेक्सिको, क्यूबा असा तो फिरला. २३ जून १८०२ रोजी चिंबोराझो पर्वतावर तो सुमारे ५,९०० मीटरपर्यंत पोहोचला आणि तिथून पुढे दरीने वाट अडवली. सहा हजारांच्या आसपास जातींच्या वनस्पती त्यानेही आणल्या. पण त्याच्या वहीत वनस्पतीच्या नावाशेजारी उंची असते, तापमान असतं, हवेचा दाब असतो. हे झाड इथेच का उगवतं, वर का नाही, खाली का नाही, हा त्याचा प्रश्न. १८१७ मध्ये समान तापमानाच्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषा त्याने नकाशावर काढल्या. आपण शाळेत समताप रेषा म्हणून शिकतो त्या याच. बँक्सचा प्रश्न वेगळा होता: हे झाड कोणतं, आणि ते दुसरीकडे लावता येईल का?

परतल्यावर बँक्सने पार्किन्सनच्या चित्रांवरून ७४३ तांब्याचे ठसे कोरून घेतले, त्यावर वर्षानुवर्षं पैसा ओतला आणि ग्रंथ छापलाच नाही. तो पूर्ण रंगीत रूपात निघायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. हम्बोल्टने उलट केलं. पॅरिसमध्ये बसून त्याने मोठमोठ्या चित्रांचे तीस खंड काढले आणि प्रवासातून उरलेली पुंजी त्यांत घातली. बँक्सला लोक आळशी म्हणतात, ते मला पटत नाही. त्याचं खरं पुस्तक त्याचं घर होतं.

लंडनमधलं ३२, सोहो स्क्वेअर. १७७७ पासून बँक्स तिथे राहायला आला. वनस्पतिसंग्रह आणि ग्रंथालय कोणत्याही गंभीर अभ्यासकाला खुलं असे. १७७८ मध्ये तो रॉयल सोसायटी या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १८२० पर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षं राहिला. लंडनजवळच्या क्यू इथल्या राजउद्यानाचा कारभारही त्याच्याच सल्ल्याने चाले. लिनियसचा संग्रह विकायला आहे असं कळलं तेव्हा त्याने जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण विद्यार्थ्याला तो घ्यायला लावला. १७९६ मध्ये युद्धाच्या धामधुमीत फ्रेंच वनस्पतिज्ञ लाबियार्दिएचा संग्रह इंग्लंडच्या हाती पडला, तेव्हा बँक्सने खटपट करून तो शत्रुराष्ट्रातल्या त्या माणसाला जसाच्या तसा परत मिळवून दिला. त्याच्या आयुष्यातली मला सगळ्यात जास्त भावणारी गोष्ट हीच.

या घराची एक तार थेट मुंबईपर्यंत आली होती. मुंबईतला डॉक्टर हेलेनस स्कॉट बँक्सला पत्रं लिहून इथल्या कारागिरांच्या आणि वैद्यांच्या पद्धती कळवत असे. त्याने वूट्झ या भारतीय पोलादाचे नमुने पाठवले. बँक्सने ते जॉर्ज पिअर्सनकडे तपासायला दिले आणि १७९५ मध्ये पिअर्सनचा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. पुढे मायकेल फॅरेडेही याच पोलादाच्या मागे लागला. नमुना मुंबईचा, प्रयोग दुसऱ्याचा, आणि मधला दुवा बँक्स. त्याची सारी कारकीर्द या एका प्रसंगात दिसते.

तारेचं दुसरं टोक साम्राज्याला बांधलेलं होतं, हेही तितकंच खरं. १७७९ मध्ये कैद्यांच्या वसाहतीसाठी ऑस्ट्रेलियातला बॉटनी बे त्यानेच संसदेच्या समितीपुढे सुचवला. १७८७ मध्ये ‘बाउंटी’ जहाज ताहितीहून विलायती फणसाची रोपं आणायला निघालं त्यामागेही तो होता. ती रोपं वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी हवी होती. हम्बोल्टने गुलामगिरी क्यूबात डोळ्यांनी पाहिली आणि तिच्याविरुद्ध स्पष्ट लिहिलं. १८५६ मध्ये त्या लिखाणाच्या अमेरिकी अनुवादातून गुलामगिरीवरचं प्रकरणच गाळलं गेलं, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या हम्बोल्टने जाहीर निषेध केला. इथे मी दोघांना एका पारड्यात घालणार नाही.

दोघं भेटले होते. त्या भेटीमागची साखळी मोठी सुंदर आहे. १७७२ मध्ये कुकच्या दुसऱ्या सफरीवर बँक्स जाणार होता. आपल्या लवाजम्यासाठी जहाजावर त्याने वाढवलेलं बांधकाम नौदलाने काढून टाकलं, म्हणून तो रागावला आणि आइसलँडला निघून गेला. रिकाम्या जागेवर फोर्स्टर हे निसर्ग-अभ्यासक बापलेक गेले. त्यातला मुलगा, गेऑर्ग, पुढे तरुण हम्बोल्टचा प्रवासगुरू झाला आणि १७९० मध्ये त्याला लंडनला घेऊन गेला. तिथे हम्बोल्टने बँक्सचा संग्रह पाहिला.

हम्बोल्टकडे सोहो स्क्वेअरसारखं घर कधीच नव्हतं. त्याचा आश्रय टपालाने जायचा. एकवीस वर्षांच्या लीबिग या रसायनशास्त्रज्ञाला त्याच्या शब्दावर जर्मनीतल्या गीसेनला प्राध्यापकी मिळाली. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये डबघाईला आलेल्या लुई अगासी या तरुण निसर्ग-अभ्यासकाला त्याने हजार फ्रँक पाठवले. हे पैसे पाठवणारा स्वतः प्रशियाच्या राजदरबारात पगारावर राहत होता, कारण मुद्दल केव्हाच संपलं होतं. बर्लिनमध्ये १८२७-२८ च्या हिवाळ्यात त्याने दिलेली व्याख्यानं सगळ्यांना फुकट होती आणि सभागृह भरून जात असे. पुढे घर सोडायची वेळ आली तेव्हा मेंडेल्सोन या सावकार मित्राने ती इमारतच विकत घेतली आणि त्याला तिथेच राहू दिलं.

हिंदुस्थानात यायची त्याची फार इच्छा होती. हिमालयाची अँडीजशी तुलना करायची होती. त्यासाठी तो लंडनला खेपा घालत राहिला, प्रशियाच्या राजाने पैशाचा शब्दही दिला, पण ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. स्पॅनिश वसाहतींच्या कारभारावर त्याने केलेली टीका कंपनीने वाचली असणार, असं मला वाटतं. अखेर त्याच्या शिफारशीवरून श्लागिंटवाइट हे तीन भाऊ आले. १८५४ च्या ऑक्टोबरात ते मुंबईला उतरले आणि दख्खन ओलांडून मद्रासला गेले. पुढे त्यांनी हिमालय मोजला. त्यातला अडोल्फ १८५७ मध्ये मध्य आशियातल्या काशगरला मारला गेला.

बँक्स १८२० मध्ये गेला. संग्रह आणि ग्रंथालय त्याने आपला ग्रंथपाल रॉबर्ट ब्राउनच्या हयातीपुरतं त्याच्याकडे ठेवलं आणि १८२७ मध्ये ते ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचलं. आज वाळवलेली पानं लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आणि पुस्तकं ब्रिटिश लायब्ररीत पाहायला मिळतात. हम्बोल्ट १८५९ मध्ये गेला. घरातलं सगळं त्याने आपला नोकर सायफर्टच्या नावे करून ठेवलं होतं. त्याची पुस्तकंही विकली जात जात लंडनलाच आली आणि १८६५ मध्ये लिलावघराला लागलेल्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली.