मोठं डेस्क की टीम? प्रिन्सिपल कन्सल्टंट आणि टीम लीड यांतला फरक

रिक्रूटमेंटमध्ये, म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देण्याच्या व्यवसायात, काही वर्षं सलग चांगलं बिलिंग केलं (क्लायंटकडून चांगली फी मिळवली) की बढतीचा विषय निघतो आणि दोन पदांची नावं कानावर येतात: प्रिन्सिपल कन्सल्टंट आणि टीम लीड. दोन्हींत पैसे वाढतात, मान वाढतो. काही कंपन्यांत तर ही दोन्ही पदं एकाच श्रेणीत असतात, त्यामुळे त्यांतला फरक कुणी नीट विचारतही नाही. पण एका पदात तुमचं स्वतःचं डेस्क, म्हणजे तुमच्या क्लायंट आणि कॅंडिडेटचं काम, मोठं होतं, तर दुसऱ्यात ते हळूहळू सोडून द्यावं लागतं आणि इतरांच्या डेस्कची काळजी वाहावी लागते.

प्रिन्सिपल कन्सल्टंटचं काम ओळखीचंच असतं, फक्त अधिक अवघड. मोठे क्लायंट, वरिष्ठ पदं भरून देण्याची कामं (मॅंडेट), कधी रिटेन्ड सर्च. त्यात फी जॉइनिंगपर्यंत न थांबता टप्प्याटप्प्यानं मिळते आणि म्हणून क्लायंटचा विश्वासही आधीच कमवावा लागतो. सोर्सिंगला, म्हणजे कॅंडिडेट शोधायला, एखादा ज्युनिअर मिळतो, पण त्याच्या प्रगतीचा हिशोब सहसा तुमच्याकडून मागितला जात नाही. महिनाअखेरीस आकडा तुमच्याच नावावर लागतो. ज्यांना क्लायंटशी बोलण्यात आणि ऑफर क्लोज करण्यातच खरा आनंद मिळतो, त्यांनी हे पद बिनदिक्कत घ्यावं. ते टीम लीडपेक्षा कमी आहे असं मी अजिबात मानत नाही.

टीम लीडचा दिवस मात्र वेगळ्याच गोष्टींत जातो. एका कन्सल्टंटनं वीस सीव्ही पाठवले आणि त्यातून दोनच इंटरव्ह्यू झाले. दुसऱ्यानंही वीसच पाठवले, त्याचे दहा इंटरव्ह्यू झाले, पण ऑफर एकही नाही. महिनाअखेरीस दोघांचं बिलिंग शून्य, पण दुखणं वेगळं. पहिल्याला बहुधा क्लायंटची गरजच नीट कळलेली नाही. त्याच्यासोबत पुढच्या ब्रीफिंग कॉलला बसायला हवं. दुसऱ्याचे कॅंडिडेट योग्य वाटतात, पण पगाराची अपेक्षा, नोकरी बदलण्याचं कारण, घरच्यांचं मत या गोष्टी तो आधी विचारत नसावा. तिसऱ्या एखाद्याच्या ऑफर होतात, पण नोटीस पीरियडमध्ये सध्याच्या कंपनीकडून काउंटर ऑफर येते आणि कॅंडिडेट गळतो. तिथे ऑफर ते जॉइनिंग या काळात किती वेळा फोन गेला ते पाहायचं. तिघांनाही ‘कॉल वाढवा’ एवढंच सांगणारा लीड आकडे वाचतो, माणसं वाचत नाही.

त्यात वेळेचंही गणित आहे. नव्या माणसाला पहिलं जॉइनिंग मिळायला महिने जातात, कारण गरज समजणं, इंटरव्ह्यूच्या फेऱ्या, ऑफर, नोटीस पीरियड हे सगळं त्यात येतं. जॉइनिंगनंतरही रिप्लेसमेंटची मुदत (कॅंडिडेट सोडून गेला तर बदली माणूस द्यायचा काळ) संपेपर्यंत फी पक्की नसते. इतके दिवस हाती काहीच नसताना त्या माणसाचा धीर टिकवणं हे लीडचं काम. स्वतःच्या डेस्कवर मिळणारी रोजची छोटी यशं इथे नसतात.

चांगला बिलर चांगला लीड होईलच, ही समजूत किती फसवी आहे हे ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसतं. त्यांनी अनेक कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. जास्त विक्री करणाऱ्यांना बढती जास्त मिळत होती, पण मॅनेजर झाल्यावर नेमक्या त्यांच्याच हाताखालच्या लोकांची कामगिरी तुलनेनं खालावत होती. ज्यांनी आधी सहकाऱ्यांसोबत मिळून विक्री केली होती, त्यांचा मॅनेजर म्हणून सरस ठरण्याकडे कल होता. रिक्रूटमेंटही शेवटी विक्रीच आहे. म्हणून मी कुणाच्या बढतीचा विचार करताना आधी पाहते, की त्यानं फी वाटून किती प्लेसमेंट केल्या आहेत आणि आपला कॅंडिडेट दुसऱ्याच्या क्लायंटसाठी मनापासून दिला आहे का.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो या दोन पदांच्या मधल्या अवस्थेत, म्हणजे ‘बिलिंग मॅनेजर’ या भूमिकेत. टीम सांभाळायची आणि स्वतःचं टार्गेटही पूर्ण करायचं. छोट्या कंपनीत याला इलाज नसतो. पण एक उत्तम कॅंडिडेट आला आणि तुमचा क्लायंट व ज्युनिअरचा क्लायंट दोघांनाही तो हवा असेल, तर काय कराल? लीडनं एकदा तो स्वतःकडे ओढला की टीम पुढचा चांगला कॅंडिडेट त्याला दाखवायचं टाळते. म्हणून कुठले क्लायंट लीडचे आणि कुठले टीमचे, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्यावं.

टीम लीडचं पद स्वीकारण्यापूर्वी आणखी काही गोष्टी स्पष्ट विचारा. वैयक्तिक टार्गेट किती कमी होणार आणि कधीपासून? टीमच्या बिलिंगवरचा इन्सेंटिव्ह कशावर मोजणार, आणि सुरुवातीच्या महिन्यांत तुमचं उत्पन्न घटलं तर भरपाई काय? माणसं निवडण्यात तुमचा शब्द चालणार का? जमलं नाही तर प्रिन्सिपल म्हणून परत येता येईल का? शेवटचा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो. विचाराच.

मी लीड झाले तेव्हा यातलं काहीच विचारलं नव्हतं. हाताशी असावेत म्हणून तीन जुने क्लायंट स्वतःकडे ठेवले आणि पहिली तिमाही त्यांच्यातच गुंतून गेले. टीममधल्या एका मुलीचे लागोपाठ तीन कॅंडिडेट नोटीस पीरियडमध्ये गळाले, आणि ते मला थेट तिमाहीच्या रिव्ह्यूत कळलं. दुसऱ्या दिवशी त्यातले दोन क्लायंट मी तिच्या हवाली केले आणि पहिल्या काही कॉलना तिच्या शेजारी बसले.