अंगदुखीची गोळी आणि खिशातला पंप

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की हवेत पिवळी धूळ तरंगत असते. दिवसभर पोती वाहून हमाल मेडिकलच्या काउंटरवर येतो आणि म्हणतो, "अंगदुखीची गोळी द्या." खिशात दम्याचा पंप आहे, हे तो सांगत नाही. समोरूनही बहुधा कुणी विचारत नाही.

पण दमा असलेल्या काहींना अशाच गोळीने धाप लागते. हा प्रश्न जुना आहे. १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आलं, तेव्हा शेजारी मिरजेत डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल नुकतंच उभं राहिलं होतं. १९२२ मध्ये फ्रान्सच्या फर्नां विदाल यांनी नोंदवलं, की दमा, नाकात वाढलेलं मांस आणि ॲस्पिरिन घेतल्यावर लागणारी धाप या तिन्ही गोष्टी एकाच माणसात सापडतात. पुढे १९६८ मध्ये सॅमटर आणि बीअर्स यांनी अमेरिकेत हेच मांडलं आणि नाव सॅमटरचं लागलं. विदालवर अन्यायच झाला म्हणायचा.

सगळे याला ॲलर्जी समजत. पण रासायनिकदृष्ट्या ॲस्पिरिनशी नातं नसलेल्या गोळ्यांनीही तसाच त्रास का व्हावा? १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं, की या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची, वेदना आणि सूज आणणारी रसायनं बनू देत नाहीत. त्या धाग्यावरून १९७५ मध्ये पोलंडचे श्चेक्लिक यांनी दम्याचं कोडं उलगडलं. उसाला पाणी देणाऱ्याला हे लगेच कळेल: इकडचं दार लावलं की पाणी तिकडच्या सरीत फुटतं. इथे प्रोस्टाग्लँडिनचं दार लागलं की फुटतात ती ल्युकोट्रायन नावाची रसायनं, आणि ती श्वासनळ्या आवळतात.

त्रास होतो दमा असलेल्या शंभर प्रौढांपैकी साधारण सातांना. दमा तीव्र असेल तर प्रमाण दुप्पट. बाकीच्यांनी उगाच धास्ती घेऊ नये. पॅरासिटामॉल त्या दाराला फारसं हात लावत नाही, म्हणून नेहमीच्या मात्रेत ते बहुतेकांना चालतं. घोटाळा नावांचा आहे. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, पण कॉम्बिफ्लॅममध्ये त्याच्या जोडीला आयब्युप्रोफेनही असतं, आणि डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच. "इतकी वर्षं घेतोय, काही झालं नाही" यावरही विसंबता येत नाही, कारण ही तक्रार बऱ्याचदा तिशी-चाळिशीत सुरू होते. गोळीनंतर अर्ध्या ते तीन तासांत नाक वाहतं, डोळे लाल होतात, छाती भरते.

बऱ्याच जणांचा वासही गेलेला असतो. त्या हमालाला विचारायला हवं, हळदीचा वास येतो का?