ट्युबावादकाकडे इतकी वाद्ये कशी जमतात?

व्हायोलिनवाला एका वाद्यावर आयुष्य काढू शकतो. ट्युबा हे खर्जाचे मोठे पितळी वाद्य वाजवणाऱ्याची यादी मात्र वाढतच जाते. शाळेतला सूसाफोन, मग बी फ्लॅट, कॉलेजात गेल्यावर सी, पुढे एफ, मध्येच कुठेतरी ई फ्लॅट (ट्युबा ओळखले जातात ते असे मूळ स्वराच्या नावाने), एखादा युफोनियम म्हणजे ट्युबाचा धाकटा भाऊ आणि अलीकडे सिंबासो. बाहेरून पाहणाऱ्याला हा हौशी संग्रह वाटतो. तसा तो क्वचितच असतो. यातले जवळजवळ प्रत्येक वाद्य कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी काळात, वाजवणाऱ्याला न विचारता झालेल्या एखाद्या निर्णयामुळे घ्यावे लागलेले असते.

फार मागे जायचे तर सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या चर्चमध्ये वाजू लागलेल्या सर्पंटपर्यंत जाता येते. लाकडाची नागमोडी नळी, वरून चामडे, बोटांसाठी भोके. १८१७ मध्ये पॅरिसला चाव्या असलेला पितळी ऑफिक्लाइड आला. फ्रेंच रचनाकार बर्लिओझने १८३० साली आपल्या सिम्फनीत ही दोन्ही वाद्ये वापरली. आज ते स्वर ट्युबावादकाच्याच वाट्याला येतात. १२ सप्टेंबर १८३५ रोजी प्रशियात ज्या बास ट्युबाचे पेटंट नोंदले गेले तो एफमध्ये होता, त्याला पाच व्हॉल्व्ह (दाबले की जादा नळी जोडून स्वर खाली नेणाऱ्या कळा) होते आणि नळी सुमारे १२ फुटांची. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आज ज्याला ‘लहान ट्युबा’ म्हणून दुय्यम मानतात तोच मूळचा ट्युबा आहे.

पुढच्या चाळीस वर्षांत वाटा फुटल्या. १८४५च्या सुमारास बोहेमियात त्याहून खोल आवाजाचा काँट्राबास ट्युबा झाला. जर्मनी आणि रशियाने तो बी फ्लॅटमध्ये, १८ फुटी नळीचा, पक्का केला. जर्मन वादक तेव्हापासून आजवर बराचसा वेळ एफ वाजवतो आणि गरज पडली की बी फ्लॅट उचलतो. ब्रिटनमध्ये १८७४ साली एक युक्ती निघाली. चौथा व्हॉल्व्ह दाबला की बाकीच्या व्हॉल्व्हना जादा नळी आपोआप जोडली जाते आणि खालचे स्वर सुरात येतात. या युक्तीमुळे १३ फुटी ई फ्लॅट बास तिथल्या बँडचा कणा झाला. फ्रान्सने तिसरीच वाट धरली. तिथे ८ फुटी, सहा व्हॉल्व्हचा छोटा सी ट्युबा चालला, म्हणजे आजच्या युफोनियमपेक्षाही एक स्वर वरचा.

या फ्रेंच वाद्याची फार आठवण कुणी काढत नाही, पण प्रत्येक ट्युबावादकाने त्याची किंमत मोजलेली आहे. मुसोर्ग्स्कीच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ या पियानोरचनेचे रावेलने १९२२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी रूपांतर केले. त्यातल्या ‘बिडलो’ या बैलगाडीच्या भागात ट्युबाला एकट्याने लांबलचक सूर दिलेला आहे. तो लिहिला त्या छोट्या फ्रेंच वाद्याच्या हिशेबाने. आवाज इतका वर जातो की आजच्या १६ फुटी सी ट्युबावर तो वाजवणे म्हणजे ओठांची परीक्षाच. ते फ्रेंच वाद्य १९६०-७०च्या दशकांत मागे पडले, पण रचना कार्यक्रमांतून गेली नाही. बहुतेक वादक हा भाग युफोनियमवर किंवा एफवर वाजवतात. वर्षाकाठी काही मिनिटांसाठी लागणारे वाद्य घरात ठेवायचे ते यामुळे.

आता मुख्य वादाकडे येऊ. अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांनी हा १६ फुटी सी का निवडला?

अमेरिकेतल्या शाळांत आणि मार्चिंग बँडमध्ये आजही बी फ्लॅटच चालतो. खांद्यावर घ्यायचा सूसाफोन १८९३ साली फिलाडेल्फियात पहिल्यांदा बनला तेव्हा त्याचा भोंगा आकाशाकडे होता. पुढे तो प्रेक्षकांकडे वळला, १९६०च्या दशकात फायबरग्लासमध्येही आला. हे वाद्य शाळेचे असते, विद्यार्थ्याचे नव्हे. मुलगा सात-आठ वर्षे बी फ्लॅटवर बोटे घडवतो, आणि संगीत शाखेत प्रवेश घेतला की त्याला सांगतात, ऑर्केस्ट्रात बसायचे असेल तर सी घे. त्याच्या आयुष्यातली पहिली मोठी खरेदी ही अशी होते, तीही शैक्षणिक कर्जाच्या जोडीला.

यात अडचण पैशापुरती नाही. ऑर्केस्ट्रात ट्युबाचे स्वरलेखन खर्जाच्या चिन्हात आणि प्रत्यक्ष वाजणाऱ्या स्वरातच असते. वाद्य बदलले की कागदावरचा स्वर तोच राहतो, बोटे बदलतात. बी फ्लॅटवर पक्की झालेली सवय सीवर मोडावी लागते, एफसाठी पुन्हा वेगळी बसवावी लागते, ई फ्लॅटला आणखी एक. ब्रिटिश ब्रास बँडने हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच निकालात काढला. तिथे बास ट्रोम्बोन सोडला तर सगळ्यांना वरच्या चिन्हात असे लिहून देतात की बोटे सगळीकडे तीच. कॉर्नेटवरचा पोरगा उद्या ई फ्लॅट बासवर बसू शकतो. ऑर्केस्ट्राच्या जगाने ही सोय कधी स्वीकारली नाही. मला हा त्यांचा हट्ट वाटतो, आणि त्याचा भार वादकानेच वाहिलेला आहे.

सीच्या बाजूने नेहमी एक कारण देतात: तंतुवाद्यांना सोयीचे जे सूर ऑर्केस्ट्रात सारखे येतात, ते सीवर कमी व्हॉल्व्हमध्ये निघतात. यात तथ्य आहे. सीवर सी आणि जी हे दोन्ही स्वर एकही व्हॉल्व्ह न दाबता येतात, बी फ्लॅटवर खालच्या सीला चौथा आणि जीला पहिला-दुसरा लागतो. जितके व्हॉल्व्ह जास्त तितका स्वर चढण्याचा धोका जास्त, म्हणून स्लाइड (नळीचा सरकता तुकडा) ओढत बसावे लागते. पण हेच वॅग्नर, हेच ब्रुकनर जर्मनीत आणि रशियात पिढ्यान्‌पिढ्या बी फ्लॅटवर वाजत आले आहेत, आणि तिथे कुणी बेसूर वाजवते अशी तक्रार नाही. दोन फूट कमी नळीने आवाज ‘ऑर्केस्ट्राचा’ होतो हा दावा तर अजिबात टिकत नाही. आवाज घडतो तो नळी कुठून कशी रुंदावत जाते यावर, भोंग्याच्या मापावर आणि माउथपीसमागच्या पहिल्या हातभर नळीवर.

मग अमेरिकेत सी रुजला कसा? याचे बरेचसे उत्तर एका जोडीत आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावच्या एका कारखान्याने सीमधले दोन प्रचंड ट्युबे बनवले. फिलाडेल्फियाच्या एका नामवंत संचालकाला ऑर्केस्ट्राच्या तळाशी ऑर्गनसारखा आवाज हवा होता, म्हणून ही मागणी गेली असे सांगतात. चार पिस्टन, पाचवा फिरता व्हॉल्व्ह, २० इंची भोंगा. तिथल्या वादकाला ते अंगाशी नीट बसेना. त्याने आपल्या विद्यार्थ्याला ते १७५ डॉलरला विकले. हा विद्यार्थी १९४४ मध्ये शिकागोच्या ऑर्केस्ट्रात दाखल झाला आणि १९८८ पर्यंत तिथेच होता. जोडीतले दुसरे वाद्यही पुढे त्याच्याकडे आले.

त्या ४४ वर्षांत दोन गोष्टी घडल्या. शिकागोच्या पितळी वाद्यांची ध्वनिमुद्रणे जगभर गेली, आणि त्यांच्या तळाशी हा आवाज होता. शिवाय हा वादक श्वास कसा घ्यावा आणि सोडावा याचा देशातला सर्वांत मोठा शिक्षक मानला गेला. ट्युबावालेच नव्हे, ट्रंपेट आणि हॉर्नवालेही त्याच्याकडे जात. शिकून बाहेर पडलेला प्रत्येक जण कानात तो आवाज घेऊन जाई आणि दुकानात तसे वाद्य मागे. ते तर कुठेच मिळत नव्हते. मूळ कारखान्याचे चांगले दिवस तोवर संपले होते.

तेव्हा नकला सुरू झाल्या. आधी स्वित्झर्लंडच्या एका घरगुती कारखान्याने मापे घेऊन वाद्य घडवले, मग जपानने, जर्मनीने, आणि गेल्या काही वर्षांत चीनने. या सगळ्यांना वादक सरसकट ‘यॉर्क’ म्हणतात, कारण मूळ कारखान्याचे नाव ते होते. ट्युबाचा आकार सांगायला कुठले वाद्य ‘सिक्स-क्वार्टर’ आणि कुठले ‘फाइव्ह-क्वार्टर’ म्हणायचे, याचे मात्र कुठलेही ठरलेले माप नाही. प्रत्येक कारखाना आपापल्या मनाने आकडा लावतो. एकाचे पाच दुसऱ्याच्या सहापेक्षा मोठे निघू शकते, आणि जुने विकून नवे घेताना यात वादक फसतात.

मूळ जोडीबद्दल आदर आहेच. पण एका असामान्य श्वास-अभ्यासकाच्या हातात जे वाद्य खुलले, ते विशीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या गळ्यात का बांधावे? मोठ्या वाद्यात स्वराची कड बोथट होते. दालनाच्या मागच्या रांगेत आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. वॅग्नरच्या ‘मायस्टरसिंगर’ या १८६८च्या ऑपेराच्या सुरुवातीच्या वादनात ट्युबाला जो सूर आहे तो गाता आला पाहिजे, नुसता भरून राहिला तर काय उपयोग?

अटलांटिकच्या अलीकडे लंडनमध्ये उलटी गोष्ट घडली, ती थोडक्यात. तिथले ऑर्केस्ट्रावाले १९६०च्या दशकापर्यंत एफ वाजवत. ब्रिटिश रचनाकार व्हॉन विल्यम्सने १९५४ मध्ये ट्युबासाठी कन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्राची रचना) लिहिला तो याच वाद्यासाठी. मग एका तरुण वादकाने १९ इंची भोंग्याचा, बँडमधला ई फ्लॅट ऑर्केस्ट्रात आणून बसवला आणि दहाएक वर्षांत बाकीचेही त्याच्या मागे गेले. हे आधी शक्य नव्हते, कारण ब्रिटिश बँडची पट्टीच निराळी होती. ऑर्केस्ट्रा ए म्हणजे ४४० कंपनांवर आणि बँड सुमारे ४५२ वर. १९६०च्या दशकाच्या मध्यावर लंडनच्या कारखान्याने उंच पट्टीची वाद्ये बनवणे बंद केले तेव्हा बँडनाही खाली यावे लागले. जुन्या ई फ्लॅट बासला सुरात आणायला जवळपास ११ सेंटीमीटर नळी वाढवावी लागे, शिवाय प्रत्येक व्हॉल्व्हची स्लाइड त्या प्रमाणात. अनेक बँडनी जोडनळ्या बसवून वेळ भागवली. त्याआधीच्या पिढीत बँड आणि ऑर्केस्ट्रा दोन्हीकडे वाजवणाऱ्याला दोन वाद्ये बाळगण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ब्रिटिश बँडमध्ये वाद्ये बँडचीच असतात, आणि ही रीत आपल्याकडेही आली. लष्करी आणि पोलीस बँडमध्ये वाद्य सरकारी. लग्नाच्या बँडमध्ये ते मालकाचे. मेरठच्या जाली कोठीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पितळी वाद्ये घडतात आणि देशभरच्या वरातींना पुरवली जातात. वरातीत खालचा आवाज बहुधा युफोनियम सांभाळतो. सूसाफोन असला तर पुढे, दिसेल असा. या वादकांना ‘तुमची वाद्ये कोणकोणती?’ असे विचारण्यात अर्थ नाही. हंगाम संपला की वाद्य मालकाच्या दुकानात टांगले जाते. वाद्य पदरी बाळगण्याचा खर्च आणि त्यातून येणारी निवड, या दोन्ही गोष्टी त्यांच्यापर्यंत पोचलेल्याच नाहीत.

राहिला सिंबासो. इटालियन ऑपेराकार व्हर्दीला ट्युबाचा जाड आवाज पसंत नव्हता. ट्रोम्बोनशी जुळेल असे खर्जाचे वाद्य त्याला हवे होते, आणि १८८१ मध्ये मिलानला तसे एक बनलेही. आजचा सिंबासो मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत घडलेला, बहुतेक एफमधला, गुडघ्यापाशी काटकोनात वळून भोंगा पुढे रोखणारा. ऑपेराबाहेर त्याला कामाला लावले ते हॉलिवुडच्या ध्वनिमुद्रणांनी. मारामारीच्या प्रसंगांमागे जो करकरीत खर्ज ऐकू येतो तो पुष्कळदा त्याचा. लॉस एंजलिसमध्ये ध्वनिमुद्रणांवर पोट असलेल्या ट्युबावादकाला तो विकत घ्यावाच लागतो.

चिनी नकलांनी गेल्या दशकभरात एक मोठा बदल केला. पूर्वी विद्यार्थी एका सीसाठी वर्षानुवर्षे पैसे साठवायचा. आता मोठा सी बऱ्याच कमी पैशांत मिळतो, म्हणून तोच आधी घेतला जातो आणि एफ ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडतो. अमेरिकन ऑर्केस्ट्रांच्या निवड-चाचणीच्या यादीत मात्र वॅग्नर आणि प्रोकोफिएव्हच्या पाचव्या सिम्फनीबरोबर व्हॉन विल्यम्सचा कन्चेर्टोही सर्रास असतो, आणि तो बहुतेक जण एफवर वाजवतात. माझे मत क्रम उलटा करावा असे आहे. आधी एफ घ्यावा, त्यावर गायला शिकावे, पाच पितळी वाद्यांच्या पंचकात वाजवावे. शक्य तिथे मोठे वाद्य ऑर्केस्ट्राने घेऊन द्यावे. शिकागोची ती दोन्ही वाद्येही आज वादकाच्या नव्हे, ऑर्केस्ट्राच्या मालकीची आहेत.